काठावरची बाळं

१४८६ साली कॉन्स्टन्सच्या बिशपांनी रोमला एक तक्रार धाडली. त्यांच्या अखत्यारीत, आजच्या स्वित्झर्लंडमधल्या ओबरब्युरेन गावी मरियामातेचं एक तीर्थस्थान होतं. लांबलांबून आईबाप तिथं मेलेली बाळं घेऊन येत. काही मृतच जन्मलेली, काही दिवस भरण्याआधीच पडलेली. तिथं नेमलेल्या बाया तो गार देह निखारे आणि मेणबत्त्या यांच्यामध्ये धरून शेकत आणि ओठांवर एक पीस ठेवत. पीस हललं की श्वास आला असं मानायचं, लगेच बाप्तिस्मा द्यायचा आणि पवित्र भूमीत पुरायचं. असे दोन हजारांहून अधिक बाप्तिस्मे झाल्याचं बिशपांनी कळवलं होतं आणि हा प्रकार बंद व्हावा अशी त्यांची मागणी होती. पुढे बर्नमध्ये धर्मसुधारणा आली आणि ते देऊळ पाडलं गेलं. १९९०च्या दशकात पुरातत्त्वज्ञांनी ती जागा खणली, तेव्हा अडीचशेच्या आसपास अर्भकांचे सांगाडे सापडले.

ही माणसं मूल जगेल या आशेनं येत नव्हती. डोक्यावर पाणी पडेपर्यंत टिकेल एवढा एकच श्वास त्यांना हवा होता. बाप्तिस्म्याविना गेलेल्या बाळाला स्वर्ग नाही आणि चर्चच्या दफनभूमीतही जागा नाही, हे त्यांना लहानपणापासून शिकवलेलं होतं. मग ते बाळ जातं कुठं? पश्चिमेतल्या ख्रिस्तसभेनं शतकानुशतकं दिलेलं उत्तर होतं, लिंबो. नरकाच्या काठावरची जागा. तिथं आग नाही, छळ नाही, पण देवाचं दर्शनही नाही, आणि तिथून कधी सुटका नाही.

बायबलमध्ये ही जागा कुठंच नाही. तिथं दोन गोष्टी आहेत आणि दोन्ही येशूच्या तोंडच्या. पाण्यानं आणि आत्म्यानं नव्यानं जन्म घेतल्याशिवाय देवाच्या राज्यात प्रवेश नाही, असं तो निकदेमाला सांगतो. आणि लेकरांना अडवणाऱ्या शिष्यांवर रागावून, देवाचं राज्य अशांचंच आहे, असंही तोच सांगतो. पहिल्या तीन-चार शतकांत कुणाला या दोहोंचा मेळ घालण्याची घाई नव्हती. पूर्वेकडचे नाझियांझचे ग्रेगरी ३८१ साली एवढंच म्हणाले, की अशा बाळांना न्यायी देव गौरवही देणार नाही आणि शिक्षाही करणार नाही.

मेळ घातला तो ऑगस्टीन यांनी. ते स्वतः लहानपणी पोटाच्या दुखण्यानं मरणाच्या दारात गेले होते. आई मोनिका हिनं बाप्तिस्म्याची तयारी केली होती, मुलगा बरा झाला आणि विधी लांबणीवर पडला. ३८७ साली मिलानमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो आपल्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाबरोबर, आणि हा मुलगा थोड्याच काळात वारला. लेकरू जाणं म्हणजे काय हे ठाऊक असलेला हा माणूस होता. पण त्यांच्यापुढे पेलाजियस नावाच्या ब्रिटिश तपस्व्याची शिकवण उभी होती. माणूस जन्मतः निष्पाप असतो, असं पेलाजियसचं म्हणणं. ऑगस्टीन म्हणत, बाप्तिस्मा पापक्षालनासाठी असेल आणि तो तान्ह्या मुलांनाही दिला जात असेल, तर त्या मुलांमध्ये आदामापासून आलेलं पाप असलंच पाहिजे. आणि पाप असेल तर बाप्तिस्म्याविना गेलेलं मूल दोषी ठरतं. पेलाजियसचे अनुयायी म्हणत, स्वर्गराज्य नसेल, पण या बाळांना एखादी मधली, सुखाची जागा मिळत असेल. ४१८च्या कार्थेजच्या धर्मसभेत अशी मधली जागा मानणाऱ्यांना शाप दिला गेला. उरला फक्त नरक. तिथली सगळ्यांत सौम्य शिक्षा या बाळांच्या वाट्याला येईल, एवढी सूट ऑगस्टीन यांनी दिली.

४१५ साली त्यांनी जेरोम यांना लिहिलेलं पत्र मला फार महत्त्वाचं वाटतं. बाळांच्या शिक्षेचा प्रश्न आला की आपली कोंडी होते, काय उत्तर द्यावं ते सुचत नाही, अशी कबुली त्यात आहे. म्हणजे मन अडत होतं. तरी सिद्धान्त पुढे गेला, कारण एक टाका उसवला तर सगळी शिवण उसवेल अशी भीती होती. ऑगस्टीन क्रूर नव्हते. पण त्यांच्या या निष्ठेची किंमत पुढली दीड हजार वर्षं ज्यांनी मोजली, त्या बायांना ते पत्र कुणी वाचून दाखवलं नाही.

बाराव्या शतकात पॅरिसमध्ये पिएर अबेलार यांनी या शिक्षेतली आग काढून टाकली. देवाचं दर्शन न होणं हीच काय ती शिक्षा, असं ते म्हणाले. अबेलार यांची पुष्कळ मतं पुढे धिक्कारली गेली, पण हे मत पीटर लोम्बार्ड यांच्या पाठ्यग्रंथात शिरलं आणि टिकलं. १२०१ साली पोप तिसरे इनोसंट यांनीही एका पत्रात तेच मांडलं. त्याच शतकात ‘बाळांचा लिंबो’ हे नाव रुळलं आणि तोमास अक्विनास यांनी त्यात आणखी एक मऊ थर घातला. आपण काय गमावलं हे त्या बाळांना कळतच नाही, म्हणून त्यांना दुःखही होत नाही. कार्थेजनं शापून हाकललेली मधली जागा ख्रिस्तसभेनं स्वतःच्या हातानं पुन्हा बांधून घेतली. १७८६मध्ये पिस्तोयाच्या सुधारणावादी धर्मसभेनं नेमकं यावरच बोट ठेवलं, की लिंबो म्हणजे पेलाजियसवाद्यांची दंतकथा. त्यावर १७९४ साली पोप सहावे पायस यांनी पिस्तोयालाच दोषी ठरवलं. म्हणजे ज्यांना बाळं नरकाच्या आगीत हवी होती, त्यांच्याविरुद्ध लिंबो हे दयेचं ठाणं बनलं होतं.

दान्तेंनी चौदाव्या शतकाच्या आरंभी या जागेत मोठी माणसंही आणून ठेवली. त्यांच्या काव्यात लिंबोमध्ये होमर आहे, सॉक्रेटिस आहे, इब्न सीना आणि इब्न रुश्द आहेत, एका बाजूला एकटा बसलेला सलाउद्दिन आहे. दान्तेंना वाट दाखवणारा व्हर्जिल तिथलाच रहिवासी. ज्यांच्यावर कवीचा जीव आहे, त्यांना स्वर्गात नेता येत नाही आणि यातनेत टाकवत नाही. बाळांचा प्रश्न आणि परधर्मीयांचा प्रश्न एकच आहे, हे दान्तेंच्या काव्यात उघड दिसतं. १४४२मध्ये फ्लॉरेन्सच्या धर्मसभेनं मूर्तिपूजक, ज्यू, पाखंडी या सगळ्यांना दार बंद असल्याचं जाहीर केलं, आणि बाळांना बाप्तिस्मा द्यायला उशीर करू नका हेही त्याच फर्मानात बजावलं.

या बंद दाराशी गोव्याचा जवळचा संबंध आहे. फ्रान्सिस झेवियर १५४२ साली गोव्यात उतरले, १५४९मध्ये जपानला पोचले. जपानमधल्या नवख्रिस्ती लोकांचा प्रश्न सरळ होता. आमचे आईबाप, आजेपणजे हे काही न ऐकताच मेले, त्यांच्यासाठी दानधर्म किंवा प्रार्थना करून त्यांना नरकातून सोडवता येईल का? झेवियर यांनी नाही म्हणून सांगितलं. जानेवारी १५५२मध्ये कोचीनहून लिहिलेल्या पत्रात ते हे कळवतात. ती माणसं रडत होती, आणि इतक्या प्रिय मित्रांना असं रडताना पाहून आपल्यालाही दुःख झालं, असं ते लिहितात. त्याच वर्षी डिसेंबरात चीनच्या किनाऱ्याजवळ ते वारले. जुन्या गोव्याच्या बॉम जेजू चर्चमध्ये त्यांच्या अवशेषांपुढे आज सगळ्या धर्मांची माणसं हात जोडतात. त्या पत्रातली ती कबुली त्यांच्या चमत्कारांच्या कथांपेक्षा मला अधिक जवळची वाटते.

गोव्यातच १५५९ साली पोर्तुगालच्या राजाचं फर्मान लागू झालं. आईबाप आणि आजी-आजोबा नसलेली हिंदूंची मुलं सेंट पॉल कॉलेजात येशूसंघीयांच्या ताब्यात द्यायची, त्यांना बाप्तिस्मा द्यायचा. अंमल होता होता त्याचा अर्थ इतका ताणला गेला, की आई जिवंत असली तरी बाप मेलेलं मूल अनाथ ठरू लागलं. नातेवाईक मुलं लपवत, हद्दीपार धाडत. यामागे सत्तेचा आणि मालमत्तेचा हिशेब होताच. पण मूल ओढून नेणाऱ्या पाद्रीला मनोमन आपण त्याला वाचवत आहोत असंही वाटत असणार, आणि ते मला अधिक भयंकर वाटतं. त्या कॉलेजची आता एक कमान तेवढी उभी आहे.

युरोपात या काळात आईबापांनी आपापल्या वाटा शोधल्या होत्या. कुठं बाप्तिस्म्याविना गेलेलं मूल चर्चच्या भिंतीला लागून, पागोळ्यांखाली पुरलं जाई. छपरावरून पवित्र होऊन उतरणारं पावसाचं पाणी त्याला लागावं, असा त्यामागचा भाव असावा, असं उत्खनन करणारे सांगतात. फ्रान्समध्ये ओबरब्युरेनसारखी तीर्थं शेकड्यांनी होती, रोमनं अठराव्या शतकात त्यांवर बंदी घातली तरी ती चालू राहिली. विद्वानांत एक आवाज उठला तो कार्डिनल काजेतान यांचा. पोटातच गेलेल्या बाळासाठी आईबापांची इच्छा आणि आशीर्वाद हाच बाप्तिस्म्याच्या जागी धरता येईल, असं त्यांनी लिहिलं. त्यांच्या ग्रंथाच्या १५७०च्या रोमच्या आवृत्तीतून पोप पाचवे पायस यांच्या आज्ञेनं तो भाग काढून टाकण्यात आला. प्रोटेस्टंटांनी लिंबो सोडून दिला. झ्विंग्ली यांनी तर १५३१ साली सॉक्रेटिसला स्वर्गात बसवलं आणि लूथर त्यावर संतापले. पण कॅल्व्हिनच्या वारसांकडे ‘निवडलेली’ बाळं होती, आणि आपलं बाळ निवडलेल्यांत आहे की नाही हे आईला कसं कळावं?

कॅथलिक गावांत हा सगळा भार सुईणीवर आला. बाप्तिस्म्याचे शब्द तिला पाठ असावे लागत. सिसिलीतले पाद्री फ्रान्चेस्को कांजामिला यांनी १७४५ साली एक जाडजूड ग्रंथ लिहिला, त्यात गरोदरपणी मेलेल्या बाईचं पोट चिरून बाळाला बाप्तिस्मा देण्याचा आग्रह आहे. शरीरशास्त्र, कायदा आणि करुणा त्या ग्रंथात एकमेकांत इतकी गुंतली आहेत, की वाचणाऱ्याला कुठं थांबावं ते कळत नाही.

आणि मग बोलोन्या. शहर पोपच्या राज्यात होतं. तिथल्या मोर्तारा या ज्यू कुटुंबात आन्ना मोरीसी नावाची एक कोवळ्या वयाची, निरक्षर कॅथलिक मोलकरीण होती. घरचं तान्हं बाळ, एदगार्दो, तापानं फणफणलं. ते मरणार आणि लिंबोत जाणार या धास्तीनं तिनं गुपचूप पाणी शिंपडून त्याला बाप्तिस्मा दिला. मूल बरं झालं. ती गप्प राहिली. काही वर्षांनी ही गोष्ट इन्क्विझिशनच्या कानावर गेली. बाप्तिस्मा झालेलं मूल ज्यू घरात वाढू शकत नाही, असा कायदा. २३ जून १८५८च्या संध्याकाळी शिपाई दारात आले, आणि दुसऱ्या दिवशी सहा वर्षांच्या एदगार्दोला घेऊन गेले. आईबापांनी जगभर हाक मारली, फ्रान्सच्या सम्राटानंही मध्यस्थी केली, पोप नववे पायस बधले नाहीत. मूल रोममध्ये वाढलं, पोपनी त्याच्यावर लेकरासारखी माया केली, ते पुढे धर्मगुरू झालं आणि पोपचंच नाव त्यानं घेतलं.

आन्ना मोरीसीला दुष्ट म्हणायची माझी तयारी नाही. मालकाच्या आजारी बाळापाशी जागणारी ती पोर होती. ओबरब्युरेनच्या आयांच्या मनात होती तीच भीती तिच्याही मनात होती. फरक इतकाच, की हे बाळ दुसऱ्याचं होतं. आपल्या लेकरासाठी पीस हलायची वाट पाहणारी माया परक्याच्या उंबऱ्यावर आली, की तिच्या मागोमाग शिपाई येतात, कारण त्या मायेनं निवाडा आधीच मान्य केलेला असतो. लिंबोच्या साऱ्या इतिहासात मला हा प्रसंग सगळ्यांत जास्त छळतो. एदगार्दो मोर्तारा मोठेपणी आईला पुन्हा भेटले. तिनं ख्रिस्ती व्हावं म्हणून त्यांनी बरीच खटपट केली, ती झाली नाही. १८९०मध्ये ती वारली तेव्हा मरणशय्येवर तिनं धर्म बदलल्याच्या बातम्या छापून आल्या. त्या खोट्या असल्याचं पत्र त्यांनीच वृत्तपत्राला लिहिलं. तिनं ख्रिस्ती व्हावं असं आपल्याला मनापासून वाटत होतं, पण तसं घडलं नाही, एवढं खरं त्यांनी सांगितलं. १९४० साली बेल्जियममध्ये लिएज इथं ते वारले.

याच नवव्या पायस यांनी १८६३ साली लिहून ठेवलं होतं, की ज्यांना ख्रिस्ती सत्य कळायची काही सोयच नव्हती आणि जे नीतीनं जगले, त्यांना देव निष्कारण शिक्षा करणार नाही. दोन्ही कृती एकाच माणसाच्या आहेत.

आयर्लंडमध्ये अशा बाळांसाठी वेगळ्या दफनजागा होत्या, किलीन म्हणतात त्यांना. पडक्या मठांत, शेताच्या बांधावर, समुद्राच्या कडेला. हजाराहून अधिक नोंदल्या गेल्या आहेत. बाप किंवा काका रात्री मूल नेऊन पुरी, आई बहुधा घरीच. १९१७च्या धर्मविधीसंहितेत बाप्तिस्मा न झालेल्यांना ख्रिस्ती दफन नाकारणारं कलमच होतं, आणि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हे चालू राहिलं. आपल्याकडेही तान्हं मूल जाळत नाहीत, पुरतात. पण त्यामागे ते मूल निर्मळ आहे ही समजूत असते. किलीनमधल्या मुलाच्या आईला तेवढाही आधार नव्हता.

त्याच १९१७ साली साताऱ्यात नारायण वामन टिळकांनी मिशनची चाकरी सोडून ‘देवाचा दरबार’ काढला. बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले अशा दोन्ही ख्रिस्तभक्तांना त्यात सारखी जागा होती. टिळक प्रोटेस्टंट, लिंबोशी त्यांचं देणंघेणं नव्हतं. पण पाण्याची रेघ ओढली की माणसं कशी तुटतात हे त्यांनी भोगलं होतं. १८९५च्या त्यांच्या बाप्तिस्म्यानं लक्ष्मीबाईंशी झालेली वर्षानुवर्षांची ताटातूट ‘स्मृतिचित्रे’तून मराठी वाचकांच्या ओळखीची आहे. १९१९मध्ये टिळक गेले आणि दरबार फार वाढला नाही. तरी रोमनं १९६४ साली ही रेघ सैल केली, त्याच्या सत्तेचाळीस वर्षं आधी ही गोष्ट एका मराठी कवीनं करून पाहिली होती, याचा मला अभिमान वाटतो.

रोम हललं ते अमेरिकेतल्या भांडणानं. हार्वर्ड विद्यापीठाजवळ लेनर्ड फीनी हे येशूसंघीय पाद्री, ख्रिस्तसभेबाहेर कुणाचंही तारण नाही, हे वचन शब्दशः शिकवत होते. त्यांचे आर्चबिशप रिचर्ड कुशिंग यांच्या बहिणीचा नवरा ज्यू होता. १९४९ साली रोमनं कळवलं, की फीनी यांचा अर्थ ख्रिस्तसभेचा अर्थ नव्हे. ते बधले नाहीत, बोलावूनही रोमला गेले नाहीत. १९५३ साली त्यांना बहिष्कृत केलं गेलं. ख्रिस्तसभेबाहेर तारण नाही असं अतिरेकानं सांगणारा माणूस ख्रिस्तसभेबाहेर टाकला गेला.

तरी १९५१मध्ये बारावे पायस सुईणींच्या सभेत सांगतच होते, की तान्ह्या बाळाला बाप्तिस्म्यावाचून दुसरा मार्ग नाही. मग दुसरी व्हॅटिकन परिषद आली. नोव्हेंबर १९६४च्या तिच्या दस्तऐवजात, ज्यांच्यापर्यंत शुभवर्तमान पोचलं नाही, पण जे प्रामाणिकपणे देवाचा शोध घेतात आणि सद्सद्विवेकानं वागतात, त्यांनाही तारण मिळू शकतं, असं मान्य झालं. जपानमधल्या माणसांचा झेवियर यांना विचारलेला प्रश्न तोवर चारशे वर्षांचा झाला होता. १९६९च्या नव्या अंत्यविधीत, ज्यांच्या आईबापांना बाप्तिस्मा द्यायचा होता अशा बाळांसाठी प्रार्थना आली. काजेतान यांच्या ग्रंथातून काढून टाकलेली आईबापांची इच्छा निदान अंत्यविधीत तरी मोजली जाऊ लागली. १९९२च्या धर्मशिक्षणग्रंथात लिंबोचं नावही नाही, ही बाळं देवाच्या दयेवर सोपवावीत असं आहे. कार्डिनल रात्झिंगर १९८०च्या दशकातच म्हणाले होते, की लिंबो हा कधी श्रद्धेचा निश्चित सिद्धान्त नव्हता, तो सोडून द्यावा असं आपलं वैयक्तिक मत आहे. पोप झाल्यावर, २००७ साली, त्यांच्याच संमतीनं धर्मपंडितांच्या आयोगाचा अहवाल प्रसिद्ध झाला.

अहवाल फार जपून बोलतो. बाप्तिस्म्याविना गेलेल्या बाळांना तारण मिळेल अशी आशा धरायला भक्कम कारणं आहेत, पण हे निश्चित ज्ञान नव्हे, असं तो म्हणतो. देवाला सर्वांचं तारण हवं आहे, आणि आदामाशी असलेल्या नात्यापेक्षा ख्रिस्ताशी असलेलं नातं मोठं आहे, ही त्यातली मुख्य कारणं. ती ऑगस्टीन यांच्या वेळीही बायबलमध्ये होतीच. आईबापांना होणारं दुःख हे या अभ्यासाचं एक कारण असल्याचं आयोगानं मोकळेपणानं नोंदवलं. ते दुःख धर्मशास्त्रात मोजायला धरलं गेलं, हे मला या अहवालातलं सगळ्यांत मोठं पाऊल वाटतं. लिंबो हे एक शक्य मत म्हणून मात्र अजून ठेवलेलं आहे.

एक कलमही अजून ठेवलेलं आहे. १९८३च्या धर्मविधीसंहितेतलं ८६८वं. मरणाच्या धोक्यातलं बाळ कॅथलिक आईबापांचं असो की दुसऱ्या कुणाचं, त्यांच्या इच्छेविरुद्ध दिलेला बाप्तिस्माही कायदेशीर आहे, असं त्याचं दुसरं उपकलम सांगतं. आन्ना मोरीसीनं जे केलं, ते आजही या कलमाखाली बसतं. बोलोन्यात आलेले शिपाई आता कुणाकडे नाहीत. पण २००७च्या अहवालावर ज्यांचा विश्वास आहे, त्यांनी हे कलम काढून टाकण्याची मागणी करायला हवी.